पद्मिनीच्या बॉनेटखालचे पार्ट: जुने शोधायचे, हाताने घडवायचे की लेझरने कापायचे?

प्रीमियर पद्मिनी किंवा तिच्या आधीची फियाट ११०० डिलाइट पुन्हा उभी करताना इंजिनाची फार चिंता नसते. १०८९ सीसीचं ते साधं, सरळ इंजिन ओळखणारे मेकॅनिक अजून भेटतात. गाडी अडते ती बॉनेटखालच्या किरकोळ वाटणाऱ्या वस्तूंवर. बॅटरीचा ट्रे सडलेला असतो, रेडिएटर धरणाऱ्या पट्ट्या कुणीतरी तारेने बांधलेल्या असतात, एअर क्लीनरचा ब्रॅकेट गायबच असतो. कुर्ल्यात या गाड्या बनायच्या थांबल्याला दोन दशकं उलटून गेली, त्यामुळे नवा पार्ट हवा तर तो करूनच घ्यावा लागतो.

माझं मत आधीच सांगतो. सगळं काम एकाच पद्धतीने करू नका. उष्णता, ॲसिड आणि हादरे यांपैकी कुठला त्रास कुठल्या पार्टला जास्त होतो ते बघा आणि त्यावरून ठरवा. तरीही एकच रस्ता निवडायचा झाला तर मी सीआरसीए (थंड लाटून काढलेला साधा पोलादी) पत्रा आणि चांगला हात असलेला फॅब्रिकेटर निवडेन.

पण त्याआधी जुना पार्ट शोधावाच. मुंबईत चोर बाजार आणि कुर्ला, पुण्यात जुना बाजार आणि नाना पेठ इथे फेरी मारायला हरकत नाही. मूळ पार्ट थोडा गंजलेला असला तरी त्याची मापं कंपनीची असतात, आणि फर्मा, म्हणजे नवा पार्ट बेतायचा नमुना, म्हणून त्याला तोड नाही. टॅक्सीतून निघालेला माल मात्र नीट तपासा. मुंबईच्या पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेल्या, आणि त्यातल्या बहुतेक शेवटी सीएनजीवर चालत होत्या. किट बसवताना ब्रॅकेट कापलेले, वाकवलेले, नवी भोकं पाडलेले असतात. असा पार्ट नमुन्याला चालतो, पण गाडीत बसवण्याआधी दहादा विचार करा.

हाताने की लेझरने

हाताने काम करणारा माणूस गाडीसमोर उभा राहतो, पुठ्ठ्याचा फर्मा कापतो, जागेवर लावून बघतो आणि मग पत्र्याला हात घालतो. पद्मिनीसारख्या गाडीत हे फार महत्त्वाचं. या गाड्यांनी चाळीस-पन्नास वर्षांत डेंटिंग सोसलेलं असतं, समोरची फ्रेम कुठेतरी पाच-सात मिलिमीटर सरकलेली असते. कागदावरचं अचूक माप तुमच्याच गाडीत बसेल याची खात्री नसते. फॅब्रिकेटर ती तफावत तिथल्या तिथे भरून काढतो.

लेझर कटिंगची ताकद वेगळी आहे. कडा स्वच्छ येतात, भोकं नेमक्या जागी पडतात, आणि एकदा ड्रॉइंग तयार झालं की दहावा पार्ट पहिल्यासारखाच निघतो. भोसरी असो की कोल्हापूरची शिरोली एमआयडीसी, हे काम करणारे वर्कशॉप सापडतात. अडचण एका नगाची. ड्रॉइंग, मशीनचं सेटिंग आणि बेंडिंग मिळून एका ट्रेचा खर्च हातकामापेक्षा सहज जास्त होतो. चार-सहा पद्मिनीवाले मिळून ऑर्डर देत असतील तर हिशोब उलटतो.

लेझरला देताना एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. पत्रा वळताना ताणला जातो, म्हणून बाहेरून घेतलेल्या मापांची नुसती बेरीज करून सपाट आकार काढता येत नाही. १.६ मिमी पत्र्यात, आतली गोलाई पत्र्याच्या जाडीएवढी धरली तर, काटकोनातल्या प्रत्येक वळणामागे जवळपास ३ मिमी वजा करावे लागतात. एकामागोमाग तीन वळणं असली आणि हे विसरलं, की ९ मिमीचा फरक पडतो आणि बोल्टची भोकं जुळत नाहीत. बेंडिंगवाल्याला त्याच्या मशीनवर किती वजावट धरायची ते आधी विचारा, मग ड्रॉइंग करा. भोकं ठरवताना फियाटचे बोल्ट मेट्रिक आहेत हेही लक्षात असू द्या. ॲम्बेसेडरची सवय असलेला कारागीर इंची आट्यांचे बोल्ट हातात घेईल.

कोणता पत्रा

बॅटरी ट्रेवरून हा प्रश्न सगळ्यात चांगला समजतो. तिथे दहा किलोच्या आसपास वजन बसतं, ते सतत हादरतं आणि वरून ॲसिडची वाफ येते. १६ गेजचा, म्हणजे साधारण १.६ मिमीचा सीआरसीए पत्रा इथे पुरेसा आहे. कडा वर वळवलेल्या हव्यात, कोपऱ्यांना गोलाई हवी, आणि सगळ्यात खालच्या कोपऱ्यात पाणी निघायला भोक हवं. ॲल्युमिनिअमचा ट्रे केला तर वाचतं किती? हिशोब केला तर अर्धा-पाऊण किलो. त्या बदल्यात पत्रा जाड घ्यावा लागतो, आर्गन वेल्डिंग (आर्गन वायू सोडून करायचं वेल्डिंग) लागतं, आणि लोखंडी बोल्टाला टेकलेलं ॲल्युमिनिअम कोकणच्या किंवा मुंबईच्या खाऱ्या हवेत बोल्टाभोवती झडू लागतं. ॲसिड त्यालाही सोडत नाही.

स्टेनलेस स्टीलचा आग्रह बरेच जण धरतात. ३०४ ग्रेड पाण्याने गंजत नाही हे खरं, पण बॅटरीतलं सल्फ्युरिक ॲसिड त्यालाही खातं. शिवाय १९७० च्या दशकातल्या बॉनेटखाली चकचकीत स्टेनलेस परकं दिसतं. माझ्या मते सीआरसीएवर इपॉक्सी प्रायमर, त्यावर काळा रंग आणि बॅटरीखाली रबराची किंवा प्लास्टिकची तबकडी हे सगळ्यात टिकाऊ. जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा स्वस्त म्हणून कुणी सुचवला तर नाही म्हणा. वेल्डिंग करताना त्यावरच्या जस्ताचा धूर कारागिराच्या छातीत जातो.

एक्झॉस्ट मॅनिफोल्डजवळच्या (इंजिनातला तापलेला धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांजवळच्या) उष्णतारोधक पत्र्यासाठी मात्र स्टेनलेसच घ्या. ते उष्णता सावकाश वाहून नेतं आणि तापून रंग सोडण्याचा प्रश्न राहत नाही. थ्रीडी प्रिंटिंग फर्म्यासाठी छान. त्यात वापरलं जाणारं पीएलए प्लास्टिक साधारण ६० अंशांना मऊ पडतं, म्हणून कायमचा पार्ट त्याचा नको.

रेडिएटर

खरा पैसा इथे जातो, आणि खरा मतभेदही इथेच आहे. मूळ तांब्या-पितळेच्या रेडिएटरच्या टाक्या चांगल्या असतील तर नुसता कोर (मधला नळ्या-जाळीचा भाग) बदलता येतो. गाडी दिसायला मूळची राहते, फिटिंगला कटकट नसते, आणि पुढे कुठे गळती झालीच तर तालुक्याच्या गावातला रेडिएटरवालाही ती डाग देऊन बंद करतो. ऑर्डरप्रमाणे केलेला ॲल्युमिनिअमचा रेडिएटर हलका असतो, त्यात रुंद नळ्या बसतात. पण त्याला कूलंट योग्यच लागतं. बोअरचं क्षारयुक्त पाणी घातलं तर तो आतून खराब होतो, आणि दुरुस्तीला आर्गनवाला शोधावा लागतो.

गाडी ट्रॅफिकमध्ये तापते म्हणून ॲल्युमिनिअमकडे वळणार असाल, तर आधी पंख्याभोवती श्राउड, म्हणजे हवा रेडिएटरमधूनच ओढली जावी म्हणून बसवायचं कडं, करून बघा. पंखा श्राउडमध्ये निम्मा आत, निम्मा बाहेर राहील असं ठेवा, आणि पात्यांभोवती इंचभर मोकळीक सोडा, कारण इंजिन माउंटिंगवर हलतं. खर्च रेडिएटरच्या तुलनेत किरकोळ. गाडीवर अजून डायनॅमो (अल्टरनेटरच्या आधीचं, बॅटरी चार्ज करणारं जुनं यंत्र) असेल तर इलेक्ट्रिक पंख्याचा विचार सोडून द्या. गाडी उभी असताना डायनॅमो पुरेसा करंट देत नाही, आणि पंखा नेमका तेव्हाच लागतो.

कापण्याआधी

जुलै २०२१ च्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीला ५० वर्षं उलटलेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते आणि ‘व्हीए’ मालिकेचा नंबर मिळतो. अट अशी, की चॅसिस, बॉडी शेल किंवा इंजिनात बदल केलेला नसावा. डिलाइट आणि सुरुवातीच्या पद्मिनी आता या वयाच्या झाल्या आहेत. म्हणून कुठलाही नवा ब्रॅकेट मूळ बोल्टच्या जागी बसेल असाच घडवा. फायरवॉलला (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याला) नवं भोक पाडण्यापेक्षा ब्रॅकेटला एक वळण जास्त देणं केव्हाही चांगलं. ब्रेकच्या नळ्या आणि स्टिअरिंगला लागणारं काही मात्र फॅब्रिकेटरकडून करून घेऊ नका.

सगळे पार्ट आधी रंग न देता, कच्चेच गाडीत बसवून बघा. बॉनेट लावून पाहा, इंजिन चालू करून काही घासतंय का ते तपासा, आणि मगच कोटिंगला पाठवा. पावडर कोटिंगच्या थराने भोकं आवळतात, म्हणून ६ मिमीच्या बोल्टाला ६.५ मिमीचं भोक ठेवा. जिथे अर्थिंगची पट्टी येते ती जागा टेप लावून कोरी ठेवायला कोटिंगवाल्याला सांगा, नाहीतर पावडर करंट अडवते आणि स्टार्टर नुसता कण्हत राहतो.