सोयाबीनची नॉन-जीएमओ टेस्ट : लॅब चांगली, पण सॅम्पल कसं काढायचं ते आधी सांगा

मी आमच्या शेतकरी कंपनीचं खरेदीचं काम बघतो, लातूर जिल्ह्यात. युरोपात माल पाठवणाऱ्या एका व्यापाऱ्याला आमचं सोयाबीन पाहिजे होतं, अट एकच, नॉन-जीएमओचा पीसीआर रिपोर्ट, म्हणजे मालात जीएम (जनुक बदललेलं पीक) मिसळलेलं नाही हे डीएनए तपासून सांगणारा रिपोर्ट. म्हटलं यात काय अवघड, आपल्या देशात जीएम सोयाबीन पेरायला परवानगीच नाही, रिपोर्ट क्लीनच येणार. लॅबचं नाव इथे लिहीत नाही, पण अनुभव सांगतो, कारण पुढच्या माणसाला उपयोगी पडेल.

पहिला रिपोर्ट आला, ३५एस पॉझिटिव्ह, म्हणजे जीएमची खूण सापडली. माझ्या तर पायाखालची जमीन सरकली. दीडशे शेतकऱ्यांचा माल गोडाऊनमध्ये पडलेला आणि व्यापारी म्हणतोय लॉट परत घ्या.

इथे लॅबचं कौतुक करायलाच पाहिजे. लॅबच्या मॅडमनी स्वतः फोन केला आणि पाऊण तास समजावून सांगितलं. ३५एस हा जीन चालू करणारा तुकडा, तो बऱ्याच जीएम पिकांत घालतात, आपल्या बीटी कापसात पण आहे. म्हणजे ही टेस्ट फक्त 'काहीतरी जीएम आहे' एवढंच सांगते, काय आहे ते नाही. मग त्यांनी राउंडअप रेडी (तणनाशक सहन करणारं जीएम) सोयाबीनची वेगळी टेस्ट लावली, ती निगेटिव्ह, आणि कापसाची लावली तर ती पॉझिटिव्ह! मॅडमनी विचारलं, बारदाना कुठला? तेव्हा डोक्यात ट्यूब पेटली. आधी सरकीची पेंड भरलेली पोती आम्ही झटकून परत वापरली होती. शिवणीत पिवळट भुगा तसाच अडकलेला, मी नखाने काढून बघितला. २००२ पासून बीटी कापूस आहे, आज ९० टक्क्यांच्या वर कापूस तोच, त्यामुळे सरकी म्हणजे जीएम असंच धरून चाला.

आता तक्रार. सॅम्पल कसं काढायचं याचा एक कागद सुद्धा आधी दिला नाही. आम्ही वरच्या चार पोत्यांतून अर्धा किलो काढून पाठवलं आणि लॅबने तसंच घेतलं. नंतर कळलं की थोडंसं मिसळलेलं जीएम भरवशाने पकडायचं तर १० हजार दाणे तरी असलेले बरे, म्हणजे सव्वा किलोच्या आसपास, ते पण सगळ्या थरांतून परखी (पोत्यात खुपसून दाणे काढायची नळी) मारून. हे आधी सांगितलं असतं तर दोन आठवडे आणि दुसऱ्या टेस्टचे पैसे वाचले असते. स्क्रीनिंगचे (३५एससारख्या पहिल्या चाचणीचे) पैसे वेगळे, प्रत्येक इव्हेंटचे (एकेका जीएम वाणाच्या टेस्टचे) वेगळे, हे पण बिल आल्यावरच कळलं. लहान कंपनीला हे परवडत नाही हो.

आणि नॉन-जीएमचा रिपोर्ट तर लागणारच आहे. युरोपात मंजूर जीएम असलं तरी ०.९ टक्क्याच्या वर गेलं की लेबल लावावं लागतं, खाण्याच्या मालात नामंजूर असेल तर शून्य. आपल्याकडे पण २०२१ च्या मार्चपासून बाहेरून येणाऱ्या २४ पिकांना नॉन-जीएमचं सर्टिफिकेट लागतं, १ टक्क्यापर्यंत चुकून मिसळलेलं चालतं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सरकारने १२ लाख टन जीएम सोयापेंड आयातीला परवानगी दिली, तेव्हा दहा हजाराच्या आसपास गेलेला आपला भाव कसा खाली आला ते आम्ही सगळ्यांनी बघितलंय. नॉन-जीएम म्हणून मिळणारे दोन पैसे जास्तीचे हाच आमचा आधार, तो एका जुन्या पोत्यापायी घालवायचा?

दुसऱ्या वेळी नवा बारदाना घेतला, गोडाऊन झाडून पुसून काढलं, ट्रकवाल्याला आधीचा माल काय होता ते विचारूनच गाडी लावली. सॅम्पल मी स्वतः काढलं, हमाल वैतागले तरी प्रत्येक थरातून. रिपोर्ट क्लीन आला, लॉट गेला.

५ पैकी ४ स्टार, एक स्टार त्या कागदासाठी राखून ठेवलाय. मॅडम, मराठीत एक पान छापा, बारदाना आणि परखी एवढं जरी त्यात असलं तरी पुरे, मी आमच्या सगळ्या गावांत वाटतो.