पॅनेल, अर्थिंग आणि चेपलेलं वर्तुळ : गणित विभागाचा दहा महिन्यांचा अनुभव

९ जुलैला तिसऱ्या तासाला दहावीच्या वर्गावर समरूपता चालू होती. लाईट गेली, आली, परत गेली आणि तिसऱ्यांदा आली तेव्हा ट्यूबा नेहमीपेक्षा लख्ख पेटल्या. तेवढ्यात पॅनेल, म्हणजे वर्गातला बोटानं चालणारा मोठा डिजिटल पडदा, काळं पडलं. ते पुन्हा सुरू झालं ५ ऑगस्टला. हे सत्तावीस दिवस गेले नसते तर मी जानेवारीत लिहायला घेतलेलं कौतुकच तुमच्यासमोर ठेवलं असतं. आता बरंच वेगळं लिहिते आहे.

आमचं हायस्कूल देवगड तालुक्यात, सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या कातळ पठारावर. गणिताचे शिक्षक चार, तुकड्या सहा, पॅनेल एक. गावच्या चाकरमान्यांच्या मंडळानं गणपतीत शब्द दिला आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये, दिवाळीची सुट्टी संपल्यावर, खोका शाळेत आला. पासष्ट इंच, फोर-के, आत अँड्रॉइड वगैरे माहिती जाहिरातीत सगळ्यांनीच वाचलेली असते, ती इथे देत नाही. कंपनीचं नावही देत नाही, कारण मला जे सांगायचं आहे ते कुठल्याही कंपनीच्या पॅनेलला लागू पडेल.

आधी कंपनीशी झालेल्या भांडणाचं सांगते, म्हणजे डोकं शांत होईल.

तक्रार ९ जुलैलाच नोंदवली. दोनदा "आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे" असा मेसेज आला, माणूस एकदाही आला नाही. बाराव्या दिवशी कोल्हापूरहून फोंडा घाट उतरून इंजिनिअर आला. मुलगा सालस होता. मागचं झाकण काढून पॉवर बोर्ड जळल्याचं त्यानं दाखवलं आणि मग मल्टिमीटर लावून म्हणाला, "मॅडम, तुमचं अर्थिंग नाहीच म्हणा. वॉरंटीत बसणार नाही." बोर्डाचे साडेअठरा हजार सांगितले. मला राग आला. वाटलं, पैसे उकळायला काढलेली ही पळवाट आहे. शाळेत अर्थिंगचा खड्डा आहे, लोखंडी झाकणासकट, आम्ही सगळ्यांनी तो पाहिलेला आहे.

दुसऱ्या दिवशी गावातल्या वायरमन काकांना बोलावलं. त्यांनी न्यूट्रल आणि अर्थ यांच्यामध्ये मीटर धरला. दोन-तीन व्होल्टच्या आत यायला हवं तिथे एकतीस आले. म्हणजे इंजिनिअर खोटं बोलत नव्हता. काकांनी खड्डा उघडला आणि कारणही दाखवलं. खड्डा जांभ्यात खणलेला, शाळेच्या सगळ्यात उंच कोपऱ्यात. जांभा पाणी धरून ठेवत नाही, ओल नसली की जमीन वीज घेत नाही. वर धो धो पाऊस आणि खाली पाइपाभोवतीचं मीठ-कोळसा कधीच वाहून गेलेलं. नवीन खड्डा विहिरीकडच्या मोरीजवळ घेतला, जिथे उन्हाळ्यातही ओल असते. पाइप, पट्टी, कोळसा, मीठ आणि मजुरी धरून सहा हजार आठशे रुपये झाले. आता मीटर एक व्होल्ट दाखवतो.

अर्थिंग आमचं खराब होतं, ही चूक मी मान्य केली. पण बोर्डाचे पैसे मी दिले नाहीत. नोव्हेंबरात पॅनेल बसवायला आलेल्या माणसानं जो कागद भरून सही घेतली होती, त्यात "अर्थिंग तपासले" या रकान्यात बरोबरची खूण होती. मीटर त्यानं बाहेरही काढलेला नव्हता. त्या कागदाचा फोटो जोडून मी एकच प्रश्न लिहून पाठवला: तपासलं होतं तर तेव्हाच का सांगितलं नाही? आठवड्यानं बोर्ड फुकट मिळाला. इंजिनिअरच्या फेरीचे पैसे मात्र घेतले. म्हणून सांगते, तुमच्याकडे असा कागद असेल तर आजच शोधा आणि फाईलला लावा.

आता गणिताकडे येते.

सुरुवातीला आम्ही पॅनेल कसंही वापरलं. ज्याचा तास, त्याचा हट्ट. मी स्वतः डिसेंबरात बालभारतीचं पुस्तक पीडीएफमधून मोठं करून उदाहरणं वाचून दाखवली, तेच पुस्तक प्रत्येक मुलासमोर उघडं असताना. क्यूआर कोड स्कॅन करून दीक्षा या सरकारी ॲपवरचे व्हिडिओ लावले. मुलं शांत बसायची आणि मला वाटायचं की समजतंय.

जानेवारीत प्रिलिमचे पेपर तपासताना झोप उडाली. भौमितिक रचनेत अकरा मुलांनी वर्तुळाची स्पर्शिका काढली होती, पण लंबदुभाजकाचे कंस कुठेच नव्हते. रेषा जागेवर, खुणा गायब. पॅनेलवर जिओजेब्रा या गणिताच्या सॉफ्टवेअरमध्ये लंबदुभाजक एका टिचकीत येतो, कंस दिसतच नाहीत, आणि मुलांनी जे पाहिलं तेच वहीत उतरवलं. रचनेचे गुण त्या कंसांना असतात. भूमितीचा पेपर ४० गुणांचा, बीजगणिताचा ४०, अंतर्गत २०. निकालात कोकण विभाग वर्षानुवर्षं राज्यात पुढे असतो, त्यामुळे इथे पालक एकेका गुणाचा हिशोब मागतात. त्याहून जास्त मला हे खुपलं, की त्या अकरा जणांच्या हातात कंपास फिरायला हवा होता तेव्हा मी त्यांना पडदा दाखवत बसले होते.

असं असूनही पॅनेल नको असं मी म्हणणार नाही. फेब्रुवारीतला एक तास मी विसरू शकत नाही. अंतर्लिखित कोनाचं प्रमेय उजळणीला घेतलं होतं. वर्तुळ काढलं, जीवा एबी घेतली, वरच्या कंसावर सी बिंदू घेतला आणि कोनाचं माप पडद्यावर ठेवलं: ५२ अंश. एका मुलाला पुढे बोलावलं आणि सी बोटानं सरकवायला सांगितलं. बिंदू वर्तुळावरून फिरतोय, त्रिकोण वेडावाकडा होतोय आणि आकडा ५२ वरून हलत नाही. मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणालं, "बाई, बिघाडलां काय?" त्या मुलानं सी पुढे रेटला, बी ओलांडून पलीकडच्या कंसावर नेला आणि आकडा पटकन १२८ झाला. वर्ग क्षणभर गप्प झाला. मग एक मुलगी हळूच म्हणाली, "दोन्ही मिळून एकशे ऐंशी." चक्रीय चौकोनाचं प्रमेय मी अजून उच्चारलंही नव्हतं. खडूनं बावीस वर्षं शिकवलं, पण असं कधी झालं नव्हतं, कारण फळ्यावर बिंदू चालत नाही.

जिओजेब्रा २००१ मध्ये साल्झबुर्ग विद्यापीठात मार्कुस होहेनवार्टर यांनी सुरू केलं, शाळेला फुकट आहे आणि एकदा उतरवून घेतलं की नेटशिवाय चालतं. सड्यावर नेटचा भरवसा नसल्यामुळे आम्हाला हे शेवटचं सगळ्यात मोलाचं.

पण त्यातल्या एका गोष्टीवर मी भरपूर लिहिणार आहे. सहकारी म्हणतात की बाई उगाच ताणतात. तरी लिहिते.

अक्षांचं गुणोत्तर. जिओजेब्रात पडद्यावरचं चित्र सरकवायचं साधन निवडलेलं असताना बोट अक्षावर टेकलं की त्या एकाच अक्षाचं माप ताणलं किंवा दाबलं जातं. माउसनं हे सहसा होत नाही. पण पॅनेलवर तळहात टेकतो, मुलं पाच बोटं लावतात, आणि कोणाच्या लक्षात न येता वाय-अक्ष चेपतो. पहिल्यांदा हे वर्तुळावर झालं, आठवीतला एक मुलगा ओरडला, "बाई, वर्तुळ चेपलां!" ते दिसलं म्हणून बरं. घात झाला तो निर्देशक भूमितीत. दोन रेषा काढल्या होत्या, एकीचा चढ २, दुसरीचा वजा एक द्वितीयांश. चढांचा गुणाकार वजा १, म्हणून रेषा परस्परांना लंब. पडद्यावर कोनाचं माप ९० लिहून आलं. तिसऱ्या बाकावरची मुलगी उठली, फळ्याचा मोठा लाकडी कोनमापक घेऊन आली, पॅनेलवर टेकवला आणि म्हणाली, "बाई, हा ७४ आहे."

तिनं बरोबर मोजलं होतं. वाय-अक्षाचं माप एक्सच्या सात दशांश झालं होतं. त्या मापात चढ २ चा १.४ दिसतो आणि अर्ध्याचा ०.३५, कोनांची बेरीज सुमारे ७४ भरते. सॉफ्टवेअर आकडे मोजतं, चित्र नाही, म्हणून त्यानं ९० लिहिलं. पण जी मुलगी डोळ्यानं दिसतं त्यावर विश्वास ठेवते, तिनं काय समजायचं? तिनं मोजून पाहिलं म्हणून हे कळलं. बाकीचे सदतीस जण चुकीच्या चित्रावर बरोबर उत्तर लिहून घरी गेले असते.

उपाय अर्ध्या मिनिटाचा आहे. ग्राफिक्सच्या सेटिंगमध्ये अक्षांचं गुणोत्तर १:१ करून तिथलं कुलूप लावायचं आणि तीच फाइल कोरी म्हणून साठवून ठेवायची. आमच्या पॅनेलवर आता "कोरी" नावाची एकच फाइल आहे आणि प्रत्येक तास तिच्यापासून सुरू होतो. एवढ्यावर मी थांबले नाही. पडद्याच्या कोपऱ्यात एक छोटं वर्तुळ कायम ठेवलं आहे. ते लांबट दिसलं की मुलांनी हात वर करायचा.

त्याच्या शेजारची एक बारीक गोष्ट. मागच्या बाकापर्यंत दिसावं म्हणून आम्ही कोन पूर्णांकात दाखवायचो. त्रिकोणाचे कोन ६०, ६० आणि ५९ आले, बेरीज १७९. "एक अंश खय गेलो?" खरे कोन ६०.४, ६०.४ आणि ५९.२ होते. त्या दिवशी दशांश वाढवून ठेवले. आसन्न किंमतीवर अर्धा तास गेला, पण तो वाया गेला असं मला वाटत नाही.

लाईटचं म्हणाल तर इन्व्हर्टरशिवाय इथे पॅनेल घेऊच नये. पहिला इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा होता. त्यावर पॅनेल गुणगुणायचं आणि स्पर्श उड्या मारायचा. साइन वेव्हचा घेतल्यावर ते थांबलं. किती वेळ चालेल हे नववीच्या मुलांनी काढलं. पंखे-ट्यूबा बंद करून शाळेच्या वीज मीटरचा लाल दिवा मोजला, मिनिटाला दहा वेळा लुकलुकला. मीटरवर युनिटला ३२०० लुकलुक छापलेत. तासाला ६०० म्हणजे सुमारे १८७ वॅट. बारा व्होल्ट, १५० अँपिअर-तासाची बॅटरी, म्हणजे कागदावर १८०० वॅट-तास, साडेनऊ तास. बॅटरी निम्म्याच्या खाली उतरवायची नाही आणि इन्व्हर्टरही थोडी वीज खातो असं सांगितल्यावर त्यांनी चार तासांचा आकडा दिला, आणि तो प्रत्यक्षात जवळपास खरा निघाला.

पावसात चौकटीच्या कडेला पाखरं (पंखांचे किडे) बसतात आणि पॅनेलला ते बोट वाटतं. मऊ कोरडा ब्रश जवळ ठेवा. चारनंतर पश्चिमेचं ऊन पडलं की स्पर्श चुकतो, खिडकीचा पडदा ओढावा लागतो. खाऱ्या वाऱ्यानं एचडीएमआयच्या खाचेवर हिरवं चढलं होतं, ते वायरमन काकांनी साफ केलं.

आता त्या सत्तावीस दिवसांबद्दल. पॅनेल नसल्यानं काय अडलं याची आम्ही चौघांनी रोज टीप ठेवली. भांडणात पुरावा म्हणून सुरू केली होती, पण नियोजनाला कामी आली. निश्चयक आणि क्रेमरची पद्धत खडूवर भराभर झाली, अडलं काहीच नाही. समरूपता खडूवर रडतखडत गेली. वर्गसमीकरणात विवेचकाला, म्हणजे समीकरणाला किती उत्तरं आहेत ते सांगणाऱ्या संख्येला, सगळ्यात जास्त अडलं. क्ष वर्ग वजा ४क्ष अधिक सी, यात सी ३ वरून ४, मग ५ केला की आलेख अक्षाला दोन ठिकाणी छेदतो, मग नुसता टेकतो आणि मग उचलला जातो. हे फळ्यावर तीन चित्रांत काढता येतं, पण मुलांना तीन वेगळी समीकरणं वाटतात.

त्या टिपांवरून स्टाफरूमच्या दारावर एक तक्ता लावला आहे. धड्यापुढे एवढंच लिहिलं आहे की यात काही हलतं का. हलत असेल तर पॅनेलचा तास राखून ठेवायचा, त्या धड्यात दोनपेक्षा जास्त नाही. अंकगणिती श्रेढी, अर्थनियोजन खडूवर. शंकूछेदाला (टोक कापलेल्या शंकूला) शाळेची बादली वर्गात आणायची. सांख्यिकीला मुलांनी घेतलेल्या पावसाच्या नोंदी, त्या आधी कागदावर, मग पडद्यावर. भौमितिक रचनेपुढे लाल अक्षरात: आधी कंपास, वही तपासून झाल्यावर पॅनेल. पूर्वी चौघांत तासांवरून कुरबुर व्हायची, तक्ता लागल्यापासून झाली नाही. आठवड्याला सतरा-अठरा तास चालणारं पॅनेल आता आठ-नऊ तास चालतं.

मार्चपर्यंत विचारलं असतं तर पाचपैकी पाच तारे दिले असते, जुलैत एकही दिला नसता. आज पॅनेलला चार देते आणि त्या कंपनीच्या सेवेला दीड, तोही त्या कोल्हापूरच्या मुलासाठी.

कंपनीनं वार्षिक देखभालीचा करार पुढे केला आहे, नऊ हजारांचा. त्यात पॉवर बोर्ड धरलेला नाही, वीज दाबामुळे झालेलं नुकसान धरलेलं नाही. मुख्याध्यापक सरांना मी नको म्हणून लिहून दिलं. त्यातल्या दोन हजारांत फळ्याचे तीन लाकडी कंपास आणि दोन कोनमापक मागवले आहेत. जुन्या कंपासाचा स्क्रू ढिला झाला होता, अर्धा कंस काढला की त्रिज्या बदलायची.