दोन बटणांचं फ्लश किट: आठ महिन्यांच्या वापरानंतर

कमोडच्या जुन्या सिरॅमिक टाकीतलं एकाच बटणाचं फ्लश आणि बॉलकॉक काढून तिथे ड्युअल फ्लशचं किट बसवल्याला आठ महिने होत आले. वापर चार माणसांचा, घर पुण्यातलं, पाणी महापालिकेचं आणि उन्हाळ्यात त्यात बोअरची भर. किट कामाचं आहे, पण ते किती चालेल हे ब्रँडपेक्षा तुमच्या पाण्यातल्या क्षारावर आणि फ्लश व्हॉल्व्हच्या तळाशी पाणी अडवणाऱ्या सिलिकॉन वायसरवर ठरतं.

विकत घेण्याआधी टाकीची आतली उंची, झाकणातल्या भोकाचा व्यास आणि पाणी खालून येतं की बाजूने, एवढं मोजून घ्या. बाजूच्या इनलेटच्या टाकीला खालच्या इनलेटचा व्हॉल्व्ह बसत नाही, आणि दुकानदार हे विचारेलच असं नाही.

बसवायला अर्धा दिवस पुरतो. अँगल कॉक (टाकीला पाणी देणारा भिंतीवरचा छोटा नळ) बंद करायचा, फ्लश करून उरलेलं पाणी स्पंजने टिपायचं, कनेक्शन पाइप सोडवायचा आणि खालचे दोन बोल्ट काढून टाकी उचलायची. टाकी आणि कमोड यांच्यामधला जाड रबरी गॅस्केट जुना परत वापरू नका. एकदा दबलेला रबर पुन्हा नीट बसत नाही. गंजलेले लोखंडी बोल्ट असतील तर पितळी किंवा स्टेनलेस स्टीलचे घ्या आणि दोन्ही आळीपाळीने थोडे थोडे आवळा. एकच बाजू आवळत गेलात तर सिरॅमिकला तडा जातो. कनेक्शन पाइपच्या नटात रबरी वायसर असतो, तिथे टेफ्लॉन टेपची गरज नाही. प्लंबर सवयीने गुंडाळतात आणि मग पान्ह्याने प्लॅस्टिकचा नट फोडतात. हाताने घट्ट करून वर पाव फेरा पुरे. पाण्याची पातळी ओव्हरफ्लो नळीच्या (जास्तीचं पाणी भांड्यात सोडणाऱ्या टाकीतल्या उभ्या नळीच्या) तोंडाच्या साधारण इंचभर खाली ठेवा.

बटणाखालच्या दांड्यांकडे मात्र नीट लक्ष द्या. त्या लांब राहिल्या तर झाकण ठेवताच फ्लश व्हॉल्व्ह किंचित दाबलेला राहतो आणि पाणी झिरपत राहतं. झाकण काढलं की गळती थांबते, म्हणून दोष सापडत नाही. दांडी आणि व्हॉल्व्ह यांच्यात 2-3 मिमी मोकळीक राहील इतकी दांडी कापा.

आता गळती, कारण सगळ्यात जास्त तक्रारी तिच्याच. टाकीत खायचा रंग टाकून अर्धा तास फ्लश करू नका. भांड्यात रंग उतरला तर गळती आहेच. मग अँगल कॉक बंद करून टाकीच्या आत पेन्सिलीने पातळीची खूण करा. पाणी ओव्हरफ्लो नळीच्या तोंडाशी येऊन थांबलं, तर इनलेटचा व्हॉल्व्ह पाणी तोडत नाही. त्याहूनही खाली उतरत राहिलं, तर दोष तळाच्या सिलिकॉन वायसरचा. आतून साधारण 40 बाय 15 सेंमीच्या टाकीत पातळी तासाला 1 सेंमी उतरली, तर दिवसाला 14 लिटरच्या वर पाणी जातं, आवाजही न होता.

वायसर बहुधा फाटलेला नसतो, त्याच्या कडेवर आणि तो बसतो त्या कड्यावर क्षाराची खरखरीत पुटं चढलेली असतात. बोअरचं पाणी असेल तिथे हे चार-सहा महिन्यांत होणारच. फ्लश व्हॉल्व्ह पाव फेरा फिरवला की निघतो. वायसर काढून लिटरभर कोमट पाण्यात दोन चमचे लिंबूसत्व घालून अर्धा तास बुडवा, कडं मऊ फडक्याने पुसा. सुरी किंवा पॉलिश पेपर लावू नका. चरा पडला की नवा वायसरही गळतो. बऱ्याच किटमधला वायसर उलटा करूनही बसवता येतो. टाकीत ॲसिडचं क्लीनर ओतू नका, बोल्ट खाल्ले जातात. आणि त्यात ब्लीच मिसळलं तर विषारी क्लोरीन वायू निघतो. टाकीत टाकायच्या क्लोरीनच्या वड्याही रबराच्या मुळावर येतात.

गुरुवारी पाणी बंद, शुक्रवारी गढूळ पाणी, की इनलेटमधली बारीक जाळी तुंबते आणि टाकी भरायला दहा-दहा मिनिटं लागतात. जाळी काढून धुतली की काम झालं. सगळ्यात वरच्या मजल्यावर मात्र जाळी साफ असूनही टाकी हळूच भरते: गच्चीवरची टाकी दोन मीटर वर असेल तर दाब जेमतेम 0.2 बार. तिथे कमी दाबाचा व्हॉल्व्ह मागून घ्यावा.

पाणी वाचतं, पण भांडं जुनं, 10 लिटरसाठी घडवलेलं असेल तर 6 लिटरच्या फ्लशमध्ये मैला पुढे सरकत नाही आणि माणूस दोनदा बटण दाबतो. म्हणजे 12 लिटर. अशा भांड्याला मोठ्या फ्लशचं पाणी कमी-जास्त करणारी व्हॉल्व्हवरची सरकपट्टी वाढवून ठेवावी. 3 लिटरचा छोटा फ्लश लघवीपुरता उत्तम.

पैसे मोजण्याआधी याच किटचा सुटा वायसर मिळतो का ते विचारा. मिळत असेल तर दोन जास्तीचे घेऊन ठेवा, पूर्ण किटच्या किमतीच्या पासंगालाही ते पुरत नाहीत. मिळत नसेल तर दुसरं किट बघा.