पोलिसांनी वापरलेलं रिव्हॉल्व्हर: मॉडेल १० घ्यावं की ६४?

अमेरिकेत पोलीस खात्यांनी बदलून टाकलेलं जुनं रिव्हॉल्व्हर घ्यायचं म्हटलं की बहुतेकांची गाडी दोन नावांवर येऊन थांबते: स्मिथ अँड वेसनचं मॉडेल १० आणि मॉडेल ६४. आतून ही सख्खी भावंडं. तीच के-फ्रेम म्हणजे मधल्या आकाराची चौकट, तीच .३८ स्पेशल गोळी, फिरत्या सिलिंडरमध्ये गोळ्यांची तीच सहा घरं. दहाचं घराणं १८९९ च्या ‘मिलिटरी अँड पोलीस’पर्यंत मागे जातं, १० हा क्रमांक त्याला १९५७ मध्ये मिळाला. ६४ आलं १९७० मध्ये, तेच यंत्र पण स्टेनलेस स्टीलमध्ये. १९८६ च्या मायामीतल्या एफबीआय चकमकीनंतर खाती भराभर सेमी-ऑटोमॅटिक पिस्तुलांकडे वळली आणि ही रिव्हॉल्व्हरं विक्रेत्यांकडे खोक्यांनी येऊ लागली.

माझं मत आधीच सांगतो. रेंजवर जाऊन नेम धरायचा, घरी येऊन साफ करून ठेवायचं, एवढंच हवं असेल तर ६४ घ्या. हाताने काहीतरी सुधारण्यात ज्याला आनंद आहे त्याने १० घ्यावं.

पोलिसाचं हत्यार वर्षानुवर्षं होल्स्टरमध्ये घासतं, पण झाडलं जातं बहुधा सरावापुरतंच. म्हणून बाहेरून दिसायला कळाहीन आणि आतून घट्ट, असा नग मिळू शकतो. दहावर ही झीज लगेच दिसते: नळीच्या तोंडाशी आणि सिलिंडरच्या कडांवर ब्लूइंगचा निळा-काळा थर उडून पांढरं पोलाद उघडं पडतं. माझ्या दहाची लाकडी मूठ काढली तेव्हा खाली घामाच्या ओघळासारखी नारिंगी गंजाची रेघ होती. तेल सोडून तासभर मुरू दिलं, मग चार शून्यांची, म्हणजे अगदी बारीक, स्टील वूल अगदी हलक्या हाताने फिरवली. गंज गेला, खाली बारीक खड्डे राहिले. ते मी तसेच ठेवले.

कोल्ड ब्लूच्या, म्हणजे घरच्या घरी लावायच्या ब्लूइंगच्या, बाटलीवर फार विसंबू नका. उघड्या कडा झाकायला ती ठीक, पण मोठ्या भागावर रंग जुळत नाही. पूर्ण नवं ब्लूइंग गनस्मिथकडूनच, म्हणजे बंदुकीच्या कारागिराकडूनच, करून घ्यावं लागतं, आणि पॉलिश करणाऱ्याचा हात जड असला तर अक्षरांच्या कडा बोथट होतात. सिरियल नंबर पुसला गेला तर तो अमेरिकेत थेट गुन्हा आहे. आणखी एक: सिलिंडरच्या तोंडावरचं शिसं काढायचं खास फडकं मिळतं, ते दहावर वापरू नका, ब्लूइंगही सोबत निघतं.

६४ वर हीच कामं सोपी. ओरखड्यांवर घासणीसारखा नायलॉनचा पॅड एकाच दिशेने फिरवला की पोत बराचसा जुळतो. मात्र स्टेनलेस गंजतच नाही हा समज काढून टाका. मुठीखाली त्यालाही डाग पडतात. खरी मेख वेगळीच आहे. काही खात्यांनी फक्त डबल ॲक्शनची रिव्हॉल्व्हरं घेतली होती, हॅमर, म्हणजे मागचा घोडा, हाताने मागे ओढताच येत नाही अशी. दर वेळी लांब, जड ट्रिगर ओढावा लागतो. नवशिक्याचा नेम त्यात बसायला वेळ लागतो, तेव्हा आधीच विचारून घ्या.

रुगरचं सर्व्हिस-सिक्स दिसलं तर तेही जरूर बघा. बांधणी दणकट, शिवाय बाजूची झाकणपट्टी नसल्याने खोलणं सोपं. १९८८ मध्ये बंद झालं. कोल्ट ऑफिशियल पोलीस सुंदर असतं, पण त्याचं टायमिंग, म्हणजे सिलिंडर नेमक्या वेळी जागेवर बसणं, जुळवणारा हात आता सहज सापडत नाही. पहिल्या खरेदीला नको.

कायद्याचं आपल्या लोकांसाठी महत्त्वाचं: ग्रीन कार्डवाल्यांना खरेदी करता येते, पण एच-१बी सारख्या व्हिसावर असाल तर शिकारीचा वैध परवाना किंवा तशा मोजक्या अपवादांशिवाय मनाई आहे. न्यू जर्सीत राहत असाल तर हँडगनसाठी आधी स्वतंत्र परवाना काढावा लागतो. ऑनलाइन घेतलं तरी माल तुमच्या राज्यातल्या परवानाधारक दुकानात येतो आणि पार्श्वभूमी तपासणी होऊनच हाती पडतो.

काउंटरवर आधी सिलिंडर उघडून सहाही घरं रिकामी आहेत ना ते बोट लावून बघा. मग दुकानदाराला विचारून हॅमर सावकाश मागे घ्या. तो शेवटी अडकण्याआधी सिलिंडर जागेवर बसला पाहिजे, सहाही घरांवर. सिलिंडर पुढेमागे हलतं का बघा. नळी आणि सिलिंडरमधली फट इंचाच्या सहा हजारांशांच्या आसपास असावी. दहा हजारांशांच्या वर गेली तर रिव्हॉल्व्हर खाली ठेवा. सिलिंडर उघडताना अडकत असेल तर घाबरू नका, बऱ्याचदा एजेक्टर रॉड, म्हणजे रिकामी काडतुसं बाहेर ढकलणारा दांडा, सैल झालेला असतो. साठच्या दशकानंतरच्या नगांत त्याचे आटे उलटे आहेत.

आणि झाकणपट्टीच्या स्क्रूंची डोकी बारकाईने बघा. खाचा फाटलेल्या असतील, पट्टीच्या कडेला स्क्रूड्रायव्हर घालून उचकटल्याची खूण असेल, तर कोणीतरी अडाण्यासारखं आत हात घातला आहे. ती पट्टी स्क्रू काढून मुठीच्या चौकटीवर लाकडी दांड्याने हलके ठोके दिले की आपोआप वर येते. तशी खूण असलेला नग कितीही चकचकीत असो, मी परत देतो आणि त्याच खोक्यातला पुढचा, कडा पांढऱ्या पडलेला मागतो.