क्लासिक ३५० ला सॅडलबॅगा लावल्या, इंडिकेटर मागे सरकवले: पावसाळ्यासकट वापरल्यावर

गाडी २०२२ ची रॉयल एनफिल्ड क्लासिक ३५०. रोजचा वापर कोल्हापुरातला आणि सुट्टी मिळाली की घाटाखाली. दोन्ही बाजूंना कापडी सॅडलबॅगा, त्यांना धरून ठेवायला लोखंडी स्टे, म्हणजे सळ्यांची चौकट, आणि मागचे इंडिकेटर मूळ जागेवरून थोडे मागे, असं सगळं काम उन्हाळ्यात करून घेतलं. त्यावर अख्खा पावसाळा गेला, तोही गगनबावडा आणि आंबोलीचा. म्हटलं, आता लिहायला हरकत नाही.

बॅगांबद्दल फार बोलण्यासारखं नाही. माझ्या बॅगांवर वॉटरप्रूफ असं ठसठशीत छापलंय आणि पहिल्याच दणक्याच्या पावसात शिवणीतून पाणी आत आलं. आता आत तोंड गुंडाळून बंद करायची ड्राय बॅग घालतो, विषय संपला. माझ्या मते पैसे आणि डोकं दोन्ही आधी स्टे आणि इंडिकेटरवर घालावं. बॅग काय, नंतर कुठलीही चालते. लोक मात्र बरोबर उलटं करतात. आधी बॅगा येतात घरी, मग सुरू होते शोधाशोध.

क्लासिकची अडचण अशी की मागचे इंडिकेटर मडगार्डच्या दोन्ही अंगांना बाहेर आलेले आहेत. बॅग रिकामी असताना काही वाटत नाही. ती गच्च भरली की फुगून मागे सरकते आणि दिव्याला चिकटते. थेट मागून बघितलं तर दिवा दिसतोही, पण तिरकं उभं राहिलं की बॅगेआड जातो. ओव्हरटेकला निघालेला माणूस तर कायम तिरकाच असतो. म्हणून बॅगा भरून, रात्री गाडी मेन स्टँडवर लावून, इंडिकेटर चालू ठेवायचा आणि मागून अर्धवर्तुळात चालत बघायचं. दिवा कुठल्या पावलाला गायब होतो ते कळतं. आंतरराष्ट्रीय नियमांत मागच्या दोन इंडिकेटरांच्या आतल्या कडांमध्ये किमान १८० मिमी अंतर आणि जमिनीपासून ३५० मिमी उंची मागतात. मी तेच माप धरलं. नंबरप्लेटखाली दोन्ही दिवे जवळजवळ चिकटवून लावायची जी फॅशन आहे, ती दिसायला झकास, पण लांबून डावा का उजवा हे कळत नाही.

कायद्याचंही बघावं लागतं. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीच्या मूळ तपशिलात फेरफार करू देत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही त्यावर कडक भूमिका घेतली. म्हणून दिवे कंपनीचेच ठेवले, बल्बही तेच, काच अंबरच. मूळ भोकाला धरून एक पट्टी लावली आणि दिवा मागे नेला. मडगार्डला एकही नवीन भोक नाही. उद्या पट्टी सोडली की गाडी होती तशी.

पट्टी आणि स्टे दोन्ही शिरोली एमआयडीसीतल्या एका फॅब्रिकेशनवाल्याकडून करून घेतले. तयार स्टे बघितले होते, पण त्यांत डाव्या बाजूचा साडी गार्ड काढावा लागत होता. फॅब्रिकेशनवालाही तेच म्हणाला, "काढून टाकूया की भावा, कोण बसतंय आता तसं?"

म्हटलं, "आई बसत्या."

मग काही बोलला नाही, टेप काढून माप घ्यायला लागला. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम १२३ प्रमाणे मागच्या चाकाचा निम्मा भाग झाकणारं संरक्षण गाडीला लागतंच, हा भाग वेगळा. त्याने डावा स्टे गार्डच्या बाहेरून वळवला. उजवीकडे सायलेन्सर आहे, तिथे स्टे वर उचलला आणि बॅगेच्या तळाखाली पत्र्याची ढाल दिली. नायलॉन आणि गरम सायलेन्सर यांचं पटत नाही, हे सांगायला नको. एक गोष्ट मी हट्टाने करून घेतली. दोन्ही स्टे मागे एका आडव्या पट्टीने जोडले. तसं नसेल तर खड्ड्यात दोन्ही बॅगा आपापल्या तालात हलतात आणि सगळा ताण वेल्डिंगवर येतो.

वायरिंग घरी केलं. इंडिकेटरला दोन वायरी, एक करंटची आणि एक अर्थची. दोन्हींना तेवढ्याच जाडीचा जोड दिला, सोल्डर केला, वर हीट श्रिंक (गरम केली की आवळून बसणारी नळी), आणि पत्र्याच्या कडेवर घासेल तिथे रबरी ग्रोमेट, म्हणजे रिंग. नुसत्या पिळलेल्या वायरीवर काळी टेप लावली तर पावसाळ्यात डिंक सुटतो आणि तांबं हिरवं पडतं. नाना तऱ्हेचे एलईडी इंडिकेटर मिळतात, पण बल्बच्या गाडीला ते नुसते लावले की सहसा टिकटिक भसाभस सुरू होते. एलईडी करंट कमी ओढतो, दिवा उघडझाप करणाऱ्या रिलेला वाटतं बल्ब उडाला. मग जादा करंट ओढायला रेझिस्टर लावा नाहीतर रिले बदला. रेझिस्टर तापतो आणि बॅगेशेजारी मला तापणारी आणखी एक वस्तू नको होती.

आता वापराचं. दिव्यांबाबत शून्य तक्रार. बॅगा भरलेल्या असतानाही तिरकं बघितलं तर दिवा साफ दिसतो. बायको मागून कार घेऊन आली होती एकदा, तिच्याकडूनच खात्री करून घेतली. पट्टीचे नट मात्र सुरुवातीला ढिले पडले. थंपरचे, म्हणजे एका सिलिंडरच्या इंजिनाचे हादरे आहेत, होणारच. नायलॉक नट (आत नायलॉनची रिंग असलेले) आणि आट्यांना लावायचं निळं थ्रेडलॉकर लावल्यापासून हललेले नाहीत. पट्टी ३ मिमीची आहे. त्याहून पातळ घेतली तर इंडिकेटर खड्ड्यात नंदीबैलासारखा मान हलवतो.

पावसाळ्यात एक नवीनच भानगड कळली. बॅगेसोबत ते पोपटी रेन कव्हर येतं ना, ते हायवेला हवा भरून फुगतं आणि मागे सरकवलेल्या दिव्यापर्यंतही पोचतं. कागलकडे जाताना आरशात बघितलं तर डाव्या बाजूला नुसता पोपटी फुगा. आता कव्हरवरून बंजी कॉर्ड आडवी टाकतो. ड्राय बॅग असेल तर कव्हर नाही घातलं तरी चालतं, खरं सांगायचं तर.

रुंदीची सवय व्हायला वेळ लागतो. क्लासिकचं हँडल ७८५ मिमी, बॅगा त्याच्या आत राहतील एवढंच भरायचं असा नियम केलाय. हँडल गेलं म्हणजे मागचं जाईलच, ही खात्री गंगावेशीच्या गर्दीत फार कामाची. जड सामान तळाला आणि पुढच्या बाजूला, कपडे वर. मागच्या शॉकअपला प्रीलोडचे, म्हणजे स्प्रिंग आधीच किती दाबून ठेवायची त्याचे, टप्पे आहेत, सामान आणि मागे माणूस असेल तर वाढवून घ्या, नाहीतर पुढचं तोंड हलकं पडतं आणि भुईबावड्याच्या वळणांवर गाडी रुंद जाते. हेडलाइटही वर बघायला लागतो, समोरचे शिव्या घालतात.

बाकी राहिलेलं काम गंजाचं. उजव्या स्टेचं वेल्डिंग जिथे सायलेन्सरजवळ आहे तिथे रंग उडून तांबूस झालंय. पुढच्या पावसाआधी घासून पावडर कोटिंग करून घेणार. ते आधीच करून घेतलं तर दोनदा खोलायचं वाचतं. बॅगा रोज काढून ठेवतो, स्टे आणि पट्ट्या मात्र कायम गाडीवरच असतात.