तारे मोजायचे की ताकद बघायची?

प्रबंधाचं निष्कर्षाचं प्रकरण लिहायला बसलं की एसपीएसएस या संख्याशास्त्राच्या सॉफ्टवेअरच्या तक्त्यातले तारे आधी डोळ्यांत भरतात. निकाल ०.०५ स्तरावर सार्थक असेल, म्हणजे त्याचं पी-मूल्य ०.०५ हून कमी असेल, तर एक तारा, ०.०१ वर दोन. दोन तारे दिसले की ‘घट्ट संबंध आढळला’ असं लिहून मोकळं होणं, ही मला सगळ्यात जास्त खटकणारी चूक.

समजा, अभ्यासाचे तास आणि परीक्षेतले गुण यांचे दोन निकाल समोर आहेत. पहिल्यात १००० विद्यार्थी, सहसंबंध गुणांक (दोन गोष्टी किती सोबत बदलतात हे −१ ते १ मध्ये सांगणारा आकडा, शून्य म्हणजे सरळरेषीय संबंध नाही) ०.०८, पी-मूल्य ०.०११. दुसऱ्यात १२ विद्यार्थी, गुणांक ०.५५, पी-मूल्य ०.०६४. तारा पहिल्याला मिळतो. आता गुणांकाचा वर्ग करा. पहिल्यात गुणांमधल्या चढउतारातला एक टक्काही तासांशी जुळत नाही. दुसऱ्यात ३० टक्के जुळतो.

मग पहिला सार्थक कसा? नमुन्याच्या जोरावर. दहा जणांत ०.०५ चा उंबरठा ओलांडायला गुणांक ०.६३ लागतो, शंभरांत ०.२०, दहा हजारांत ०.०२ पुरतो. संबंध शून्य असता तर निव्वळ योगायोगाने इतका किंवा याहून मोठा गुणांक कितपत मिळाला असता, एवढंच पी-मूल्य सांगतं. ताकदीबद्दल ते बोलत नाही.

दुसऱ्याच्याही प्रेमात पडू नका. त्याचं ९५ टक्के विश्वास-अंतर, म्हणजे या निकालाशी सुसंगत असलेल्या खऱ्या गुणांकांची पट्टी, −०.०३ ते ०.८५ आहे, म्हणजे संबंध नसेलही किंवा फार मोठा असेल. मात्र ‘असार्थक, म्हणून संबंध नाही’ हेही लिहू नका. पुढचा अभ्यास कशावर करायचा हे ठरवत असाल, तर मी दुसरा निवडेन आणि विद्यार्थी वाढवेन. तासांवरून गुणांचा अंदाज बांधायचा असेल, तर पहिला जवळजवळ निरुपयोगी.

०.१ दुबळा, ०.३ मध्यम, ०.५ मोठा ही संख्याशास्त्रज्ञ कोहेन यांची मोजपट्टी सरसकट लावू नये. तीच चाचणी त्याच मुलांना आठवड्याने पुन्हा दिली आणि दोन्ही वेळच्या गुणांत ०.५ आला, तर तो वाईटच.

आणि आधी आलेख काढा. संख्याशास्त्रज्ञ अ‍ॅन्स्कोम्ब यांनी १९७३ मध्ये अकरा-अकरा बिंदूंचे चार संच मांडले. चारही ठिकाणी गुणांक ०.८२ च्या आसपास, पी-मूल्यंही चारही ठिकाणी जवळपास सारखीच. पण एकात चक्क वक्ररेषा आहे, आणि चौथ्यात दहा बिंदू एका उभ्या रेषेत, अकरावा एकटा लांब. तो एक काढला तर गुणांक काढताच येत नाही.