काडेपेटी, वालट्यूब आणि आठवीचा भूमितीचा तास : ‘अरविंद गुप्ता टॉइज’ या संकेतस्थळाविषयी

यवतमाळ जिल्ह्यातील एका जिल्हा परिषद उच्च प्राथमिक शाळेत मी गणित आणि विज्ञान शिकवते. ‘अरविंद गुप्ता टॉइज’ हे संकेतस्थळ गेली काही वर्षे मी वर्गात आणि केंद्राच्या (आसपासच्या शाळांच्या गटाच्या) शिक्षण परिषदेत नियमितपणे वापरत आहे. खेड्यातल्या शाळेला त्याचा नेमका कुठे उपयोग होतो आणि कुठे शिक्षकाला स्वतःची भर घालावी लागते, हे अनुभवाच्या आधारे लिहावे, असे बरेच दिवस मनात होते.

अरविंद गुप्ता यांनी १९७५ साली कानपूरच्या आयआयटीतून पदवी घेतली, पुण्यात टेल्कोत (आजच्या टाटा मोटर्समध्ये) नोकरी धरली आणि १९७८ मध्ये रजा घेऊन ते मध्य प्रदेशातील होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रमात दाखल झाले. हा कार्यक्रम १९७२ मध्ये सोळा ग्रामीण शाळांतून सुरू झाला होता आणि प्रयोगशाळा नसलेल्या शाळेत मुलांनी स्वतः प्रयोग करून विज्ञान शिकावे, हा त्याचा गाभा होता. पुढे पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संशोधन संस्थेतील मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी अनेक वर्षे खेळणी घडवली आणि त्यांच्या छोट्या चित्रफिती तयार केल्या. ही शोधिका पु. ल. देशपांडे यांच्या नावाच्या प्रतिष्ठानच्या देणगीतून उभी राहिली, हे मराठी शिक्षकाने अभिमानाने लक्षात ठेवावे. २०१८ साली गुप्ता यांना पद्मश्री मिळाली. संकेतस्थळावरचे साहित्य विनामूल्य आहे, त्यासाठी नाव नोंदवावे लागत नाही, आणि मराठी पुस्तकांचा वेगळा विभाग असल्यामुळे इंग्रजीची धास्ती असलेल्या सहकाऱ्यांनाही तिथे लगेच वावरता येते.

या साहित्याचे मोल मला कळले ते आठवीच्या वर्गात. ‘चौकोन रचना’ या प्रकरणात त्रिकोण काढायला तीन मापे पुरतात आणि चौकोनाला मात्र पाच लागतात, हे मी वर्षानुवर्षे फळ्यावर सांगत आले. मुले ते पाठ करत आणि परीक्षेत लिहीत, पण पाचवे माप कशासाठी, हे विचारल्यावर वर्ग गप्प बसे. संकेतस्थळावर काडेपेटीच्या काड्या आणि सायकलची वालट्यूब (चाकाच्या व्हॉल्व्हवरची बारीक रबरी नळी) यांपासून आकृत्या जोडण्याची पद्धत सचित्र दिलेली आहे. वालट्यूबचे साधारण दीड सेंटिमीटरचे तुकडे कापायचे आणि दोन्ही टोकांतून एकेक काडी खोचायची, की लवचीक सांधा तयार होतो. तीन काड्यांचा सांधा हवा असेल, तर त्या तुकड्याला मध्यभागी बाभळीच्या काट्याने भोक पाडून तिसरी काडी सरकवायची. आमच्या शाळेच्या कुंपणालाच बाभळी आहेत. मुले पाच मिनिटांत मूठभर काटे घेऊन आली.

आधी प्रत्येक गटाने त्रिकोण केला. तो कसाही दाबला तरी आकार सोडत नव्हता. मग चौरस केला, आणि एका कोपऱ्यावर बोट ठेवताच तो कलंडून समभुज चौकोन झाला. बाजू चारही त्याच आणि तेवढ्याच, तरी आकृती वेगळी. हा चौरस ताठ उभा करा, एवढेच मी सांगितले. एका मुलीने समोरासमोरच्या दोन सांध्यांना काट्याने भोके पाडली आणि पाचवी काडी कर्णासारखी बसवायला घेतली. ‘मॅडम, काडी पुरून नाही राह्यली,’ ती म्हणाली. शेजारच्या गटाने तीच काडी बसावी म्हणून चौरस चेपत नेला, तेव्हा ती बरोबर बसली. पण हाती आला तो दोन समभुज त्रिकोण एकाला एक चिकटलेला चौकोन. चौरस हवा असेल तर कर्ण लांब लागतो, हे ओळखून पहिल्या मुलीने खराट्याची काडी मोजून तोडली. कर्णाची लांबी बदलली की चौकोन बदलतो, हे त्या दिवशी एकाही मुलाला सांगावे लागले नाही. मधल्या सुट्टीत दोघे जण शाळेच्या छपराला आधार देणारी कैची मान वर करून पाहत उभे होते आणि तिच्यातले त्रिकोण मोजत होते.

या वर्गात घरी वऱ्हाडी बोलणारी, गोरमाटी (बंजारा बोली) बोलणारी आणि कोलामी बोलणारी मुले एकत्र बसतात. पाठ्यपुस्तकातली प्रमाण भाषा प्रत्येकापासून थोडी ना थोडी दूर असते, आणि कोलाम पोडावरून (वस्तीवरून) येणारी मुले तर तोंड उघडायलाच बिचकतात. हातात वस्तू आली की त्यांचा संकोच गळून पडतो, कारण ही मुले मुळात हाताने घडवणारी आहेत. ज्वारीच्या धांड्याची साल सोलून, आतल्या भेंडाला काड्या टोचून बैलबंडी करणारी मुले मी आजही पाहते. शाळेने त्या कसबाची दखल क्वचितच घेतली. या साहित्याने मला ती घ्यायला लावली.

विज्ञानासाठी मला सर्वांत उपयोगी पडलेली वस्तू म्हणजे साधे विद्युत चलित्र (मोटर). एक सेल, दोन सेफ्टी पिना, सायकलच्या ट्यूबचा कापलेला पट्टा, एक चुंबक आणि लाखेचा थर दिलेली तांब्याची तार एवढ्यावर ते फिरते. तारेच्या एका टोकावरचा थर पूर्ण खरवडायचा आणि दुसऱ्या टोकावर एक बाजू तशीच ठेवायची, हा त्यातला बारकावा आहे. तो चुकला की वेटोळे नुसते थरथरते, आणि ते का थरथरते याचा शोध घेताना दिक्परिवर्तकाचे (वेटोळ्यातला प्रवाह योग्य वेळी बदलणाऱ्या भागाचे) काम मुलांना आपसूक उमगू लागते.

काही वर्षांपूर्वी आमच्या शाळेत एका पुरवठादाराकडून विज्ञान पेटी आली होती. वस्तू चकचकीत होत्या, पण परीक्षानळ्या फुटल्यावर त्या जोडीच्या नळ्या तालुक्याला मिळाल्या नाहीत. हिशेबात नोंदवलेली वस्तू फुटेल या धास्तीने पेटी कपाटात गेली, ती तिथेच राहिली. काडी मोडली तर दुसरी काडी घेता येते, हा फरक वर्गात फार मोठा ठरतो.

उणिवाही नीट सांगायला हव्यात. हा पुस्तकांचा आणि चित्रफितींचा मोठा साठा आहे. इयत्ता, प्रकरण किंवा अध्ययन निष्पत्ती यांप्रमाणे त्याची मांडणी नाही. बालभारतीच्या कोणत्या पाठाला कोणते खेळणे लावायचे, हे शिक्षकालाच ठरवावे लागते. नवा शिक्षक चित्रफीत दाखवून मोकळा होतो आणि मुलांना केवळ गंमत पाहिल्याचे समाधान मिळते, हेही मी पाहिले आहे. खेळणी फिरल्यानंतर कोणता प्रश्न विचारायचा, याची तयारी इथे आयती मिळत नाही, आणि माझ्या मते तीच खरी तयारी आहे. काड्यांच्या टोकांचे गूल काढण्याचे काम मात्र मुलांकडे देऊ नये. ते शिक्षकाने आदल्या दिवशी करून ठेवावे.

म्हणून हे साहित्य एकट्याने वापरण्यापेक्षा केंद्रावर मिळून वापरावे, असे मी आग्रहाने म्हणेन. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये प्रत्येक शिक्षकाने वर्षाला किमान ५० तास व्यावसायिक विकासासाठी द्यावेत, अशी अपेक्षा आहे. त्यातले बरेच तास आपण पडद्याकडे पाहण्यात घालवतो. आमच्या केंद्रप्रमुखांनी एका शिक्षण परिषदेत माझ्या विनंतीवरून भाषणांऐवजी दोन तास काड्या आणि वालट्यूब टेबलावर ठेवल्या. वीस वर्षे गणित शिकवणाऱ्या एका ज्येष्ठ सरांनी घन जोडला, तो डुगडुगताना पाहिला आणि प्रत्येक पृष्ठाला कर्ण बसवत गेले. त्यानंतर आम्ही सहावी ते आठवीच्या पाठांसमोर एकेक खेळणे आणि एकेक प्रश्न लिहून तक्ता केला. तो दर वर्षी दुरुस्त होतो.

आमच्या गावात नेटवर्क भरवशाचे नाही. पुस्तके मी तालुक्याला गेल्यावर पेनड्राइव्हवर उतरवून घेते आणि चित्रफिती फोनमध्ये साठवून आणते. जूनच्या अखेरीस विदर्भातल्या शाळा उघडण्याआधी सायकल दुरुस्तीच्या दुकानातून वालट्यूब, किराणा दुकानातून काडेपेट्यांचा पुडा आणि मोटार रिवायंडिंगवाल्याकडून तांब्याच्या तारेचे उरलेले तुकडे आणून ठेवावेत. सुरुवातीला एवढे पुरते.